जबाबदारी दिलीत, अधिकारही द्या

मराठवाड्यातील शिक्षणसंस्थांचे चालक, कारखानदार, रुग्णालयांचे विश्वस्त आणि सहकारी बँका-पतसंस्थांची संचालक मंडळे यांना,



मी छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावला राहतो आणि संगणक, सर्व्हर, नेटवर्क सांभाळण्याचे काम करतो. आपल्या इमारतीत जिन्याखाली किंवा लेखा विभागाच्या मागे एक कोंदट खोली असते. तिथल्या लोखंडी रॅकमध्ये संस्थेचा सगळा हिशेब, पगारपत्रके, विद्यार्थ्यांचे गुण, रुग्णांचे अहवाल, ठेवीदारांची खाती साठवलेली असतात. त्या खोलीची किल्ली आमच्यापैकी कुणाकडे तरी असते. पदाचे नाव सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर असेल, लॅब असिस्टंट असेल किंवा नुसतेच ‘आयटीवाला’, काम तेच.

पडेगाव आमच्यासारख्यांना सोयीचे पडते. एका बाजूला छावणी ओलांडली की शहर, दुसऱ्या बाजूला मिटमिटा, शरणापूर करत साजापूरच्या रस्त्याने वाळूज एमआयडीसी. रविवारी संध्याकाळी दौलताबाद रस्त्यावर आम्ही काही जण चहाला जमतो. कुणी कारखान्यात आहे, कुणी महाविद्यालयात, कुणी रुग्णालयात, कुणी वार्षिक देखभालीचे करार (एएमसी) घेऊन दहा ठिकाणी फिरतो. हप्ते, मुलांच्या शाळा यांवरून बोलणे सुरू होते आणि थोड्याच वेळात तिथेच येऊन ठेपते: बॅकअपला जागा नाही, लिंक पुन्हा तुटली, फायरवॉलचे रिन्यूअल फाइलीत अडकले, साहेबांना ॲडमिनचा पासवर्ड हवा आहे. तक्रारी पुष्कळ आहेत, पण मुळाशी एकच गोष्ट आहे. यंत्रणा बंद पडली की जाब आम्हाला विचारला जातो. ती बंद पडू नये म्हणून जे करावे लागते, त्यातले काहीही ठरवण्याचा अधिकार मात्र आम्हाला नसतो.

हे पत्र लिहायला एक निमित्त घडले. आमच्यातल्या एकाने त्याच्या संस्थेत बॅकअपसाठी वेगळी डिस्क आणि ती ठेवायला दुसऱ्या इमारतीत जागा मागितली होती. अर्जावर शेरा आला, ‘तूर्त आवश्यकता नाही’. पुढे लेखा विभागात कुणीतरी बिल समजून एक ई-मेलची जोडफाइल उघडली आणि रॅन्समवेअरने सर्व्हरवरची प्रत्येक फाइल कुलूपबंद केली. बॅकअपही गेला, कारण तो त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर होता. दोन दिवसांनी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्याने उत्तरासोबत स्वतःच्याच जुन्या अर्जाची प्रत जोडली. नोकरी वाचली, डेटा वाचला नाही. तिथे शिकणाऱ्या मुलांच्या फीच्या नोंदी आजही पावत्या गोळा करून पुन्हा भरल्या जात आहेत.

म्हणून पहिली विनंती बॅकअपची. आपण आम्हाला विचारता, ‘बॅकअप घेता ना?’ आम्ही ‘हो’ म्हणतो आणि विषय संपतो. खरा प्रश्न असा हवा: तो परत आणून शेवटचा कधी पाहिला? गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे प्रत ठेवण्याचे पाच मार्ग होते आणि गरज पडली तेव्हा त्यातला एकही धड चालला नाही. सहा तास आधी कुणीतरी हाताने काढून ठेवलेली प्रत होती, तिच्यावर निभावले. त्यांनी पुढे जे केले ते मला आपल्यासमोर मुद्दाम ठेवायचे आहे. दुरुस्तीचे काम त्यांनी सर्वांना पाहता येईल असे उघड चालवले, नंतर सविस्तर अहवाल छापला आणि त्यात माणसाला दोष देण्याऐवजी, हे घडू शकेल अशी यंत्रणा आपण का ठेवली होती, याचा शोध घेतला. आपल्याकडे नोटीस आधी निघते आणि शोध कधीच लागत नाही. नोटिशीच्या धाकाने माणूस पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतो. सर्व्हरच्या कामात लपवलेली चूक फार महाग पडते.

बॅकअपचा दुसरा धडा आपल्या राज्याच्या किनाऱ्यावरूनच गेला आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले त्यांच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंटेनर अडकले, ट्रकच्या रांगा लागल्या. मर्स्कचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते. कोणत्या कर्मचाऱ्याला कुठे प्रवेश आहे ही माहिती हे सर्व्हर एकमेकांशी जुळवून घेत, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील हे कुणी धरले नव्हते. सगळे गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याची डिस्क एका कर्मचाऱ्याने नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती ब्रिटनला पोचली. त्या एका डिस्कच्या आधाराने कंपनीने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा उभे केले.

इतक्या मोठ्या कंपनीला वीज गेल्यामुळे जे मिळाले, ते आपल्याला काही हजारांच्या डिस्कमध्ये मिळू शकते. प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, एक इमारतीबाहेर असावी आणि किमान एक केबल काढून कपाटात ठेवलेली असावी. दर तिमाहीला त्यातली एक परत चढवून पाहण्यासाठी आम्हाला एक दिवस आणि एक रिकामा संगणक द्या. इतकेच मागणे आहे.

कारखानदार मंडळींना आता थोडे वेगळे सांगायचे आहे. ज्या महामंडळाच्या भूखंडावर आपले शेड उभे आहे त्या एमआयडीसीवरच मार्च २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि कार्यालयांची ऑनलाइन कामे थांबली. तेव्हा ‘आम्हा लहान युनिटवाल्यांकडे कोण बघतो’ हे म्हणणे सोडून द्यावे. असे मालवेअर दारावरची पाटी वाचत येत नाही. जिथे जुनी, उघडी यंत्रणा सापडेल तिथे शिरते. मे २०१७ मधला वॉनाक्राय तर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिलेल्या दोषातूनच घुसला होता. हल्ला १२ मेला झाला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट बसवले ते त्या वाटेने येणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. आपल्याकडे अपडेटसाठी तासभर सर्व्हर बंद ठेवायची परवानगी मागितली की महिनाअखेर असते, मग डिस्पॅच असतो, महाविद्यालयात प्रवेश असतात, मग परीक्षा, मग निकाल. बारा महिन्यांत तो तास येतच नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. दोन्ही आजही प्रयोगशाळांत आणि स्टोअरच्या टेबलांवर चालू आहेत.

सीएनसी मशीनला जोडलेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकाची अडचण आम्हाला कळते. यंत्र वीस-पंचवीस वर्षे चालते, त्याचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसत नाही आणि एका पीसीसाठी चालते मशीन कुणी मोडीत काढणार नाही. तसे करा असे आम्ही म्हणतही नाही. तो संगणक बाकीच्या नेटवर्कपासून वेगळा काढू द्या: एक मॅनेज्ड स्विच, फायरवॉलवर दोन-तीन नियम, आणि त्या टेबलावर बाहेरचा पेनड्राइव्ह बंद. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला पाच सर्व्हरवरचा डेटा कुलूपबंद झाला आणि साधारण दोन आठवडे ओपीडीच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारनेच संसदेत सांगितले. रुग्णालयांच्या विश्वस्तांनी हे कारण ध्यानात घ्यावे. रिसेप्शनचा संगणक, प्रयोगशाळेचे यंत्र, पाहुण्यांचे वायफाय आणि सीसीटीव्ही एकाच स्विचवर असतील, तर एका दाराने आलेला चोर सगळ्या खोल्या फिरतो.

‘अपडेटमुळेच तर जग बंद पडले होते,’ असे आपल्यापैकी कुणी म्हणेल. बरोबर आहे. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ते संगणक बहुतेक ठिकाणी एकेक करून उठवावे लागले. सेफ मोडमध्ये जायचे, एक फाइल काढायची, पुन्हा चालू करायचे. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी अठ्ठेचाळीस अंकी किल्ली हाताने टाकायची. ते काम माणसांनी केले, आमच्यासारख्या माणसांनी. त्या दिवसाने शिकवले ते असे की अपडेट आधी चार संगणकांवर चढवून बघावे आणि मग सगळीकडे द्यावे. त्यासाठी चाचणीला चार संगणक आणि बघायला वेळ लागतो, म्हणजे फिरून मागणे आपल्यापाशीच येते.

आता जरा अवघड विषय. पासवर्ड. नियम सगळ्यांना असतो आणि अध्यक्षांच्या केबिनला नसतो. साहेबांच्या लॅपटॉपला फायरवॉल नको, स्वीय सहायकाला सगळे अधिकार हवेत, कॅशियर रजेवर गेला म्हणून त्याचा पासवर्ड दुसऱ्याला हवा. आम्ही नकार दिला तर ‘हा माणूस सहकार्य करत नाही’ असे मत होते, आणि वार्षिक वेतनवाढ त्याच मतावर अवलंबून असते. माझे स्पष्ट म्हणणे आहे की सुरक्षेचा नियम मोडण्याची विनंती आली तर नाही म्हणण्याचा लेखी अधिकार आम्हाला हवा, आणि तो पाळण्याची सुरुवात सर्वांत वरच्या केबिनपासून व्हावी. क्रॅक सॉफ्टवेअर बसवायला सांगणे तर आजच थांबवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हा कारावासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. शिवाय त्या क्रॅकसोबत काय काय आत येते हे बसवणाऱ्यालाही दिसत नाही.

सहकारी बँकांच्या संचालकांना पुण्याच्या कॉसमॉस बँकेची आठवण करून देण्याची गरज नसावी. ११ ऑगस्ट २०१८ चा शनिवार होता. बँकेच्या एटीएम स्विचच्या जागी चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला, पैसे काढण्याची विनंती मूळ बँकिंग प्रणालीपर्यंत गेलीच नाही आणि त्या खोट्या स्विचकडूनच मंजुरी मिळत राहिली. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून रक्कम निघाली, सोमवारी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय देयक-संदेश प्रणालीमार्गे आणखी गेली, एकूण ९४ कोटींच्या वर. सुट्टीचा दिवस चोरांनी निवडला होता, कारण सुट्टीला पडद्याकडे बघणारे कमी असतात. जुलै २०२४ अखेर तर सी-एज या सेवा कंपनीवर रॅन्समवेअर आले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांना राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) सुरक्षेसाठी काही काळ देयक व्यवस्थेपासून तोडले. त्यातल्या बहुतेक बँकांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी काहीच चुकीचे केले नव्हते. तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीशी करार करताना सही करण्याआधी तो आम्हाला वाचायला द्या. बिघाड झाला तर किती वेळात कोण येणार, डेटा कुठे राहणार, करार संपल्यावर तो आपल्याला कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे आम्ही विचारू. सर्वांत कमी दराची निविदा ठरल्यावर विचारून उपयोग नसतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याबद्दल बोललो नाही तर पत्र अपुरे राहील. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळीसच्या वर असते. सर्व्हर रूममध्ये घरगुती वापराचा एकच एसी असतो आणि रात्री इमारत रिकामी म्हणून वॉचमन तो बंद करून जातो. त्याला कुणी सांगितलेलेच नसते की त्या खोलीत माणूस नसला तरी काम चालू असते. यूपीएसची बॅटरी पंचवीस अंशांवर जितकी वर्षे टिकायला हवी, त्यापेक्षा दर दहा अंश वाढीमागे तिचे आयुष्य जवळपास निम्म्याने घटते. म्हणून तीन-चार वर्षांची बॅटरी आपल्याकडे दीड-दोन वर्षांत बसते आणि ‘गेल्याच्या गेल्या वर्षी तर घेतली’ म्हणून नवी मंजूर होत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो; त्यात पाणी टाकायचे काम कुणाच्याच यादीत नसते. मग पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन इमारतींमध्ये टांगलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका येतो आणि स्विचचे पोर्ट, डीव्हीआर, कधी सर्व्हरचे कार्डसुद्धा जळते. इमारतींमध्ये फायबर टाकले तर हा प्रश्न संपतो, कारण काचेतून वीज वाहत नाही. एकदाचा खर्च आहे. दर पावसाळ्यात जळालेल्या स्विचची बिले जोडून पाहिली तर तो फार वाटणार नाही.

कायद्याने जबाबदारी कुणाची आहे, हेही एकदा पाहून घ्यावे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड संस्थेला होतो, किल्ली सांभाळणाऱ्याला नाही. सहा तासांत कळवायचे तर रात्री दोन वाजता कुणीतरी जागे असायला हवे. आज ते जागणे आम्ही करतो. फोन येतो, आम्ही उठतो, घरातली माणसेही उठतात, पहाटेपर्यंत लिंक किंवा सर्व्हर चालू होतो आणि सकाळी साडेनऊला थंब लावायला उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. रात्रीच्या कामाची नोंद व्हावी, त्याची भरपाई रजा मिळावी, ही मागणी कोणत्याही कामगाराची असते तितकीच साधी आहे.

आणि एका माणसावर सगळे ठेवू नका. अकरा महिन्यांच्या करारावर एकच जण ठेवायचा, प्रोजेक्टर, स्नेहसंमेलनाचा माइक, सीसीटीव्हीचे फुटेज, प्रिंटरचे टोनर सगळे त्याच्याकडे द्यायचे, आणि कोणती केबल कुठून कुठे जाते हे लिहून ठेवायला त्याला कधीच वेळ द्यायचा नाही. मग तो पुण्याला चांगली नोकरी मिळून गेला की संस्थेची सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. आमच्या शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून पाण्याची नहर आणली. तिच्यावर जागोजागी मॅनहोल ठेवले, आत उतरून देखभाल करता यावी म्हणून. शहराने देखभालीकडे लक्ष देणे सोडले तसतशी नहर बुजत गेली. आमचे नेटवर्कही भिंतीत आणि छतात दडलेले असते. त्याचा नकाशा, पासवर्डची सीलबंद प्रत, बिघाड झाल्यावर काय करायचे याची वही आणि ती वाचू शकणारा दुसरा माणूस, एवढे तरी प्रत्येक ठिकाणी असायला हवे. दुसरा माणूस आला तर पहिला आजारी पडू शकतो, लग्नाला जाऊ शकतो, आईला दवाखान्यात नेऊ शकतो. आज हे त्याला फोन हातात धरूनच करावे लागते.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. आपल्याला आकडे माहीत आहेत.

अंदाजपत्रकाच्या बैठकीला आम्हाला अर्ध्या तासासाठी बोलवा. खर्चाची यादी लेखापालाच्या हातून आपल्यापर्यंत पोचते तेव्हा ‘डिस्क’, ‘बॅटरी’, ‘रिन्यूअल’ इतकेच शब्द उरतात आणि सगळ्यांत आधी त्यांच्यावरच काट मारली जाते. समोर बसवून विचारलेत तर कोणता खर्च पुढच्या वर्षावर ढकलता येईल आणि कोणता मुळीच नाही, हे आम्ही स्वतःच सांगू. मागणी नाकारायची असेल तर जरूर नाकारा, तो आपला अधिकार आहे. फक्त नकार लेखी द्या, खाली सही करा, आणि काही घडले तर चौकशीत तो कागदही वाचला जाईल एवढे ठरवा.

ज्या लहान पतसंस्था आणि शाळांना स्वतःचा माणूस ठेवणे परवडत नाही, त्यांनी संकोच करू नये. आम्ही पडेगावची मंडळी रविवारी येऊन आपला बॅकअप परत चढवून पाहू आणि काय सापडले ते लिहून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. त्या दिवशी आपल्या संचालकांपैकी एकाने मात्र शेजारी बसावे.



आपला नम्र,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर
पडेगाव, छत्रपती संभाजीनगर